कात्री कुणाच्या हातात? बाणेरमधील ‘केशनिरोप’ सेवेविषयी

लांब केस कापून आखूड करण्यासाठी एखाद्या सलूनने चार हजार आठशे रुपये मागावेत आणि त्या कामाला ‘केशनिरोप’ असे भारदस्त नाव द्यावे, हे ऐकल्यावर आपली बिनपाण्याने होणार अशी शंका पुण्यातील कोणत्याही ग्राहकाला येईल. बाणेरमध्ये कोरियन आणि जपानी धाटणीचे केस कापून देणारे एक सलून आहे. त्याची ही सेवा माझ्या भाचीने घेतली आणि मी, माझी धाकटी बहीण व आमची आई अशा तिघी तिच्याबरोबर गेलो होतो. केस उत्तम कापले गेले, पैसे वाया गेले असे वाटले नाही, आणि समारंभाचा मुख्य भाग अपेक्षेपेक्षा किती तरी सरस झाला. माझा आक्षेप आहे तो या सेवेभोवती रचलेल्या कथेवर. पूर्व आशियात केस कापणे म्हणजे जुने सोडून नव्याची सुरुवात करणे, एवढेच हे सलून सांगते. प्रत्यक्षात त्या देशांमध्ये केस कापण्याचा अर्थ कात्री कुणाच्या हातात आहे यावर ठरत आला आहे, आणि नेमकी तीच गोष्ट त्यांच्या माहितीपत्रकातून गळली आहे. मी अनेक वर्षे जपानी भाषा शिकवते, त्यामुळे ही चूक माझ्या नजरेत जास्त सलली, हे मान्य आहे.

सेवेचे स्वरूप असे आहे. आगाऊ वेळ ठरवावी लागते. त्या वेळेपुरती आतली एक स्वतंत्र खोली मिळते आणि घरची सहा माणसे बरोबर येऊ शकतात. केस धुऊन, वाळवून त्यांच्या सारख्या जाडीच्या बारीक वेण्या घालतात आणि प्रत्येकीला वर-खाली दोन ठिकाणी दोरा बांधतात. मग आलेल्या प्रत्येकाने एक वेणी कापायची आणि शेवटची कारागिराने. कापलेल्या वेण्या लाकडी पेटीत ठेवून दिल्या जातात किंवा केस दान घेणाऱ्या संस्थेकडे पाठवल्या जातात. त्यानंतर नेहमीसारखा हेअरकट होतो. भाची नोकरीसाठी जपानला निघाली आहे. कमरेखाली येणारे केस परदेशात एकटीने सांभाळणे जमणार नाही, म्हणून तिने ते कापायचे ठरवले होते. निर्णय पूर्णपणे तिचा होता, हे आधीच सांगितलेले बरे.

बसायच्या जागी भिंतीवर चार फलक आहेत. छपाई सुरेख आहे आणि मराठी मजकूरही बहुतांशी शुद्ध आहे, जे आजकाल कौतुकाने सांगावे लागते. पहिल्या फलकावर चीनमधील छाओ छाओ या सेनापतीची प्रसिद्ध कथा आहे. उभ्या पिकातून जो कोणी घोडा घालील त्याचे डोके उडवले जाईल, असा त्याने हुकूम काढला आणि त्याचाच घोडा बिथरून गव्हाच्या शेतात शिरला. तेव्हा त्याने डोक्याऐवजी स्वतःचे केस कापून सैन्यापुढे ठेवले. कथा छान निवडली आहे, पण ती कळण्यासाठी जे आधी सांगायला हवे ते फलकावर नाही. आजच्या वाचकाला ती एका चतुर सेनापतीची पळवाट वाटते. त्या काळच्या सैनिकांना ती तशी वाटली नसावी, कारण शरीर, केस आणि त्वचा ही आईवडिलांकडून मिळालेली आहेत आणि त्यांना इजा होऊ न देणे ही मातृपितृभक्तीची सुरुवात आहे, ही शिकवण कन्फ्यूशियसच्या परंपरेतील ‘श्याओ चिंग’ या ग्रंथाच्या अगदी आरंभीच येते. प्राचीन चीनमध्ये गुन्हेगाराचे डोके भादरणे ही स्वतंत्र शिक्षा होती, आणि तिची लाज त्या माणसापुरती न राहता घराण्याला लागत असे. पुढे बौद्ध धर्म चीनमध्ये आला तेव्हा भिक्षूंवर सनातन्यांनी घेतलेल्या मोठ्या आक्षेपांपैकी एक हाच होता की, मुंडण करणारा माणूस आईवडिलांचा अपराधी ठरतो. राजवाडा सोडल्यावर स्वतःच्या हाताने केस कापणारा सिद्धार्थ आपल्याला ओळखीचा आहे. तेच कृत्य हिमालयापलीकडे गेल्यावर त्याला इतका खुलासा द्यावा लागला, हे फलकावर असते तर आमच्या आईसारखी वाचक तिथेच खिळून राहिली असती.

चीनच्या फलकावर १६४५ हे साल नाही. हे मला अक्षम्य वाटते. त्या वर्षी चीन नुकताच जिंकलेल्या, ईशान्येकडून आलेल्या मांचू राज्यकर्त्यांनी बहुसंख्य हान समाजातील पुरुषांना हुकूम सोडला की, दहा दिवसांच्या आत कपाळाकडचे केस भादरून मागे मांचूंसारखी लांब वेणी ठेवावी. केस ठेवाल तर डोके जाईल आणि डोके ठेवायचे तर केस जातील. राजघराणे बदलले ते सोसणारी माणसेसुद्धा या हुकमाने पेटून उठली. च्यांगयिन या गावाने एक्याऐंशी दिवस वेढा सोसला आणि शेवटी तिथे भयंकर कत्तल झाली. शेंडी तुटो की पारंबी तुटो हा बाणा आपण बोलण्यात वापरतो. तिथे तो लोकांनी शब्दशः निभावला. पुढचा भाग आणखी विलक्षण आहे. सक्तीने लादलेली तीच वेणी अडीचशे वर्षांत इतकी अंगवळणी पडली की, १९१२ मध्ये प्रजासत्ताकाने ती कापायला सांगितली तेव्हा अनेकांनी ती टोपीखाली लपवली आणि कात्री घेऊन फिरणाऱ्या सैनिकांपासून पळ काढला. कात्री दोन्ही वेळा सरकारच्याच हातात होती.

दुसरा फलक कोरियाचा आहे आणि त्यावर गायकांचे फोटो जास्त, मजकूर कमी. सक्तीच्या लष्करी सेवेत दाखल होण्याआधी तिथले तरुण कलाकार केस बारीक करतात आणि चाहत्यांना तो फोटो पाठवतात, एवढीच माहिती त्यावर आहे. खोटी नाही, पण ज्या देशात केस कापण्यावरून सरकार कोसळण्याची वेळ आली, त्याच्याविषयी हे फारच तुटपुंजे आहे. जुन्या कोरियात अविवाहित मुलगा पाठीवर वेणी सोडत असे आणि लग्न झाले की केस वर घेऊन डोक्यावर गाठ बांधत असे. त्या गाठीवाचून वयस्क पुरुषालाही मोठ्या माणसाचा मान मिळत नसे. १८९५ च्या ३० डिसेंबरला, जपानच्या दबावाखालील मंत्रिमंडळाच्या आग्रहाने राजा कोजोंगने स्वतःची गाठ कापून घेतली आणि सर्व पुरुषांनी तसेच करावे असा हुकूम निघाला. राणीची हत्या होऊन तीन महिनेही उलटले नव्हते. सोलच्या वेशींवर कात्री घेतलेले शिपाई उभे राहिले आणि बाजाराला येणाऱ्या शेतकऱ्यांच्या गाठी उतरवू लागले. छ्वे इक-ह्यन या विद्वानाने उत्तर दिले की, माझे डोके कापता येईल, हे केस कापता येणार नाहीत. गावोगाव लोकांनी शस्त्रे उचलली. फेब्रुवारी १८९६ मध्ये राजा रशियन वकिलातीत आश्रयाला गेला, पंतप्रधान किम होंग-जिप जमावाच्या हाती मारले गेले आणि हुकूम गुंडाळून ठेवावा लागला.

हा इतिहास माहीत असेल तरच आजच्या कोरियातील जाहीर मुंडणाचा अर्थ लागतो. ऑगस्ट २०१६ मध्ये सोंगजू येथे अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवण्याच्या विरोधात नऊशेहून अधिक नागरिकांनी एकत्र बसून डोकी भादरून घेतली. सेवोल जहाज दुर्घटनेत मुले गमावलेल्या आईवडिलांनी २०१५ मध्ये हाच मार्ग पत्करला. विरोधी पक्षनेते ह्वांग क्यो-आन यांनी २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानासमोर खुर्चीवर बसून मुंडण करून घेतले. एके काळी जे बळाने हिरावून घेतले गेले होते, तेच आता माणूस सत्तेसमोर आपणहून काढून ठेवतो. यात ‘नव्याची सुरुवात’ कुठेही नाही. उलट, मी मागे हटणार नाही, असे त्या कृत्याने सांगितले जाते.

आणि एक गोष्ट, जी या सलूनच्या भिंतीवर सर्वांत शोभली असती. १९९८ मध्ये आन्दोंग शहरात नव्या घरांसाठी जमीन मोकळी करताना यी उंग-थे या १५८६ मध्ये तरुणपणीच वारलेल्या माणसाची कबर हलवण्यात आली. त्याच्या डोक्याशी कागदात गुंडाळलेल्या विणीच्या चपला सापडल्या. त्यात तागासारख्या सालीच्या दोऱ्याबरोबर बायकोचे केस विणलेले होते. नवरा आजारी असताना, तो पुन्हा चालू लागावा म्हणून तिने त्या केल्या होत्या. शेजारी तिचे लांबलचक पत्रही होते. शरीराच्या एका केसालाही धक्का लावू नये असे मानणाऱ्या समाजातील बाईने स्वतः कात्री हाती घेतली, तर ती अशा कारणासाठी.

तिसरा फलक जपानचा. इथे मजकूर बरा आहे, कारण सेवेची कल्पनाच सुमो कुस्तीतून उचललेली आहे. निवृत्त होणाऱ्या सुमो मल्लाचा ‘दानपात्सु-शिकी’ हा विधी तोक्योच्या र्योगोकु कोकुगिकान या सभागृहात होतो. मल्ल आखाड्याच्या मध्यभागी बसतो, आणि गुरुबंधू, आश्रयदाते, मित्र असे शेकडो लोक एकामागून एक येऊन सोनेरी मुलामा दिलेल्या कात्रीने त्याच्या शेंडीचे चारदोन केस कापतात. शेवटचा घाव गुरूचा असतो. १८७१ मध्ये आधुनिकीकरणाला निघालेल्या मेइजी सरकारने शेंडी उतरवण्याची मोकळीक दिली आणि १८७३ मध्ये सम्राटाने स्वतः केस कापले, तरी सुमो मल्लांची शेंडी टिकली, ती आजतागायत. फलकावर हे सगळे आहे. दोन गोष्टी मात्र नाहीत. एक, सुमोच्या आखाड्यावर स्त्रियांना पाय ठेवता येत नाही, त्यामुळे मल्लाची आई किंवा पत्नी त्या विधीत वर चढून कात्री लावू शकत नाही. दुसरी, पुरुषांना केस कापायला उत्तेजन देणाऱ्या त्याच सरकारच्या काळात, १८७२ मध्ये, तोक्योमध्ये स्त्रियांनी विनाकारण केस आखूड करण्यावर बंदी घालण्यात आली. पुरुषांचे आखूड केस सुधारणेचे लक्षण ठरले आणि बायकांचे तेच केस गुन्हा.

म्हणूनच प्रत्यक्ष समारंभाने मला चकित केले. आमचा कारागीर सासवडकडचा, नाभिक कुटुंबातला तरुण होता. सोलमध्ये काही महिने शिकून आलेला. त्याने वेण्या घातल्या त्या पाहण्यासारख्या होत्या. फणीच्या टोकाने डोक्यावर सरळ भांग पाडत तो केसांचे चौकोन करत गेला, प्रत्येक चौकोनाची वेणी मुळापासून तीन बोटे सोडून सुरू केली, आणि कात्री जिथे चालायची तिथे दोऱ्याचे दोन वेढे दिले. असे का, विचारल्यावर म्हणाला, “घरच्या लोकांचा हात थरथरतो, मॅडम. दोऱ्याच्या वर कापलं तर वेणी सुटत नाही, आणि मला पुढं दुरुस्तीला जागा राहते.” मग त्याने दोन्ही हातांनी कात्री पुढे केली आणि माहितीपत्रकात नसलेली गोष्ट केली: “आजी, पहिली तुम्ही.” आईने चष्मा नाकावर सारखा केला आणि भाचीला म्हणाली, “तुझं जावळ काढलं तेव्हा मामाच्या मांडीवर बसून घर डोक्यावर घेतलं होतंस. आता तरी हलू नकोस.” कात्री धारदार होती, तरी वेणी एका दमात तुटली नाही, तीन-चार वेळा कर्रकर्र असा आवाज झाला. बहिणीच्या वेळी भाची हसत होती, माझ्या वेळी गप्प झाली. आखाड्यावर ज्यांना चढता आले नसते अशा तीन बायकांनी तो विधी पार पाडला. मूळ विधीपेक्षा मला हा अधिक पटला.

जावळाचा विषय निघालाच होता, म्हणून एक अवांतर. उत्तर चीनमध्ये चांद्रवर्षाच्या पहिल्या महिन्यात केस कापले तर मामाचा जीव जातो, असा समज आहे; त्यामुळे दुसऱ्या महिन्याच्या दुसऱ्या दिवशी, ज्या दिवशी ड्रॅगन डोके वर काढतो असे मानतात, न्हाव्यांच्या दुकानांत रांगा लागतात. आपल्याकडे मामाच्या मांडीवर बसवून कात्री लावायची आणि तिकडे मामासाठी कात्री दूर ठेवायची. दोन्हीकडे मामा मध्ये का येतो, यावर कुणी तरी जाणकाराने लिहायला हवे.

हेअरकटबद्दल बोलायचे तर, हनुवटीच्या किंचित खाली येणारा बॉब भाचीने मागितला होता. लांबी ओल्या केसांवर धरली आणि बाकीचे सगळे काम केस पूर्ण वाळवून केले. आपल्याकडचे जाड, किंचित कुरळे केस कोरियन फोटोतल्यासारखे सरळ पडणार नाहीत, हे त्याने कात्री उचलण्याआधीच सांगितले आणि मानेजवळचा भार थिनिंग कात्रीने आतून कमी केला. वरून केस विरळ दिसत नाहीत, ही या कामातली खरी परीक्षा. ती तो उत्तीर्ण झाला. काही आठवडे गेल्यावरही घाट बिघडलेला नाही. रसायने लावून केस सरळ करण्याचा आग्रह कुणी धरला नाही, हेही नोंदवते.

वस्तुविक्रीत मात्र हात आखडता घ्यावा. कापलेल्या केसांपासून लेखणीचा ब्रश करून देण्याचे साडेतीन हजार रुपये वेगळे घेतात. चीन आणि जपानमध्ये असा ब्रश करतात हे खरे, पण तो बाळाच्या पहिल्या केसांचा. कधीही न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते आणि त्यामुळेच ब्रशला अणी येते. मोठ्या माणसाच्या कापलेल्या केसांना ते टोक नसते. शोभेची वस्तू म्हणून हवा असेल तर घ्यावा, लिहिण्यासाठी नको. पेटी साध्या लाकडाची, बिजागरी नीट बसलेली. ती किमतीतच येते. केसदानासाठी वेणी किमान बारा इंच असावी लागते, हे आधी विचारून घ्यावे.

आता चौथ्या फलकाविषयी, ज्यामुळे हे परीक्षण लिहायला बसले. त्यावर ‘दुःखाला कात्री लावा’ असे शीर्षक आहे आणि खाली प्रेमभंग झालेल्या, घटस्फोट घेतलेल्या व जोडीदार गमावलेल्या स्त्रियांसाठी सवलतीचे पॅकेज आहे. जपानी मुली प्रेमभंगानंतर केस कापतात, असा आधार दिला आहे. तसा समज जपानमध्ये खरोखर आहे. पण जपानमध्येच सामुराई घराण्यांतील विधवा केस कापून आखूड ठेवत, पुन्हा लग्न करणार नाही याची ती खूण होती. आणि जानेवारी २०१३ मध्ये एकेबी फोर्टी-एट या गायनसमूहातील एका तरुणीने, एका मुलाबरोबर रात्र घालवल्याची बातमी छापून आल्यावर, डोके भादरून रडत माफी मागितल्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. कात्री तिने स्वतःच चालवली, असे सांगण्यात आले. ती खरोखर तिच्याच हातात होती का, हा वाद तेव्हा जपानमध्येही झाला. मुलांचीही सुटका नाही. शालेय बेसबॉलमध्ये पोरांनी डोके बारीक करायचे हा अलिखित नियम इतका घट्ट होता की, २०२३ मध्ये केस राखलेल्या केइओ शाळेच्या संघाने कोशिएनची राष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकली तेव्हा खेळाइतकीच चर्चा त्यांच्या केसांची झाली.

हे पॅकेज पुण्यात विकताना तर दहादा विचार करायला हवा होता. या शहरात आगरकरांनी केशवपनाविरुद्ध लेखणी झिजवली, कर्व्यांनी हिंगण्याला आश्रम काढला. नवरा गेलेल्या बाईसमोर वस्तरा घेऊन बसायला माणूस बोलावला जाई आणि तिला विचारण्याचा प्रश्नच नसे. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचे केस उतरवायला नकार दिला, तेव्हा वस्तरा धरणाऱ्या हातांनीच तो खाली ठेवला होता. अशा ठिकाणी जोडीदार गमावलेल्या स्त्रीला केस कापण्यावर वीस टक्के सवलत देणारा फलक लावणे म्हणजे इतिहासाची पाटी कोरी असल्याची कबुली देणे होय. फलक लावणाऱ्यांचा हेतू वाईट नसावा. मी हे कारागिराला सांगितले तेव्हा त्याने क्षणभर फलकाकडे पाहिले आणि म्हणाला, “आमच्या पणजोबांनी ते काम सोडलं होतं, असं घरात सांगतात. हा बोर्ड मालकांनी हेड ऑफिसकडनं आणलाय.” काउंटरवरील व्यवस्थापिकेने लेखी सूचना द्यायला सांगितली, ती मी दिली आहे.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी. पार्किंग नाही, त्यामुळे चारचाकी न नेलेली बरी. शनिवार-रविवारी आतल्या खोलीपर्यंत ड्रायरचे आवाज येतात. मधला वार घ्यावा. पार्श्वसंगीत बंद करायला सांगितले तर लगेच करतात. सहा माणसांची मुभा असली तरी खोलीत चारच नीट उभी राहू शकतात, आणि लहान मुले नेऊ नयेत, कारण उघड्या कात्र्या हाताशी असतात. नुसता हेअरकट बाराशे रुपयांत होतो आणि तोही तितकाच काळजीने करतात, असे तिथल्या इतर ग्राहकांचे काम पाहून वाटले. ज्यांना समारंभ करायचा आहे त्यांनी आधी फोन करून सासवडच्या कारागिराचीच वेळ मागावी, ब्रशला नाही म्हणावे, आणि पहिली कात्री कुणी लावायची हे घरीच ठरवून जावे.